दसऱ्याची ट्रॉली

आमच्या घरी मेंढ्या होत्या तोवर चाकाच्या गाडीचा विचार कुणी केला नव्हता. वडिलांच्या वेळी सगळा संसार घोड्याच्या पाठीवर बांधून निघायचा आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचा. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, नव्वदच्या आसपास शेवटचा कळप विकला, आमच्या गावी, वरकुट्याच्या रानात ऊस लावला आणि दोन वर्षांनी एक जुना ट्रॅक्टर घेतला. मी तोपर्यंत बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरला लागलो होतो. बाहेरून आलेला माल मोजून, मापून आत घ्यायचा आणि मापात नसेल तर दारातूनच परत पाठवायचा, हे माझं काम. घरातही मी तसाच वागतो, अशी बायकोची तक्रार आहे. ती खोटी नाही.

ट्रॅक्टर आल्यावर दादाने साखर कारखान्याची ऊसवाहतूक धरली. पहिल्या हंगामात ट्रॉली भाड्याची होती. ती दर चार खेपांनी कुठेतरी बसायची. मग तोडलेला ऊस फडातच वाळायचा आणि टोळी बांधावर बसून राहायची. टोळी म्हणजे बीडकडून हंगामापुरती येणारी ऊसतोड माणसं. नवरा-बायकोच्या एका जोडीला एक कोयता म्हणतात, आणि पोहोचलेल्या उसावरच त्यांची कमाई ठरते. ट्रॉली बसली की त्यांचा दिवस फुकट जातो. हंगाम संपला तेव्हा त्यांचा मुकादम दादाला म्हणाला होता, "तात्या, माणूस तुमी चांगलं हाय. पर पुढल्या साली हीच ट्रॉली असंल तर आमची वाट बघू नका."

दादाने शब्द दिला की पुढच्या हंगामाला नवीकोरी, स्वतःची ट्रॉली असेल. त्या शब्दावर मुकादम दिवाळीनंतर येणार होता. टोळी टिकली तर हंगाम टिकणार होता. दुसरी टोळी ऐन वेळी मिळत नाही, हे ऊस वाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

ट्रॉली आम्ही एमआयडीसीच्या कडेला असलेल्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये बनवायला टाकली. तिथला मालक बोलायला गोड आणि हाताने चलाख होता. त्याने सुरुवातीलाच सांगितलं, "दसऱ्याच्या पुढं आठ दिवस द्या मला."

"न्हाय," दादा म्हणाला. "दसऱ्याला न्यायची म्हंजी न्यायची."

"पाडवा हाय की दिवाळीचा. तो बी मुहूर्तच."

"पाडव्याला न्यायची आणि भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी फडात घालायची व्हय? दसराच पाहिजे."

मालकाने उसासा टाकला. "सगळ्यास्नी दसराच पाहिजे," एवढंच म्हणाला.

त्याचं म्हणणं मला दसऱ्याच्या सकाळी कळलं. शेडपुढच्या मोकळ्या जागेत ट्रॉल्या ओळीने उभ्या होत्या. लाल, हिरव्या, निळ्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा. रंग इतका ओला होता की दादाच्या नव्या पायजम्यावर लाल पट्टा उठला. फाटकाजवळ नारळांचं पोतं उघडं ठेवलेलं होतं. गिऱ्हाइकाने नारळ आणायचीही गरज नव्हती. मालक स्वतः एकेक उचलायचा, ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीवर फोडायचा, पाणी चाकांवर शिंपडायचा आणि खोबरं हातावर ठेवून म्हणायचा, "घ्या तात्या, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." पुढच्या गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर मागे हॉर्न वाजवत असायचा.

आमच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर दादाने 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' असं पिवळ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं. फाळका म्हणजे मागचं उघडझाप करायचं दार. मी त्याचा हूक हलवून पाहिला. तो सैल होता.

"नवा हाय सायेब," मालक म्हणाला. "बसंल आपोआप."

वापराने सैल होणाऱ्या वस्तू मी पुष्कळ पाहिल्या होत्या. वापराने घट्ट होणारी एकही पाहिली नव्हती. पण तोवर नारळ फुटला होता आणि दादा ट्रॅक्टरवर चढला होता.

इंदापूर रस्त्याला मी मोटरसायकलवर मागे होतो. सरळ रस्त्यावर ट्रॉली ट्रॅक्टरच्या बरोबर मागे दिसायला हवी. ही उजवीकडे झुकून चालली होती. ट्रॅक्टरचं डावं चाक ट्रॉलीच्या बाहेर पूर्ण दिसत होतं, उजवं ट्रॉलीआड लपलेलं. आधी मला वाटलं रस्त्याला उतार असेल. रस्ता बदलला, उतार बदलला, ट्रॉली तशीच तिरकी.

वरकुट्यात वहिनीने ट्रॉलीला ओवाळलं. आमच्याकडे नव्या गाडीत पहिल्यांदा माल भरत नाहीत, घरच्या बाया-पोरांना बसवून देवळापर्यंत फिरवून आणतात. वहिनी, आमची एक म्हातारी चुलती, शेजारच्या दोघी-तिघी आणि पोरांचा घोळका असं सगळं चढलं. ओढ्याचा चढ लागला आणि फाळक्याचा तो सैल हूक निसटला. दार धाडकन खाली पडलं. अगदी मागे बसलेली चुलती सरकत कडेपर्यंत आली. वहिनीने तिचा दंड धरला म्हणून ती आत राहिली. कुणाला काही लागलं नाही. दादाने ट्रॅक्टर थांबवला.

चुलती पदर सावरत म्हणाली, "साठ वर्सं बैलगाडीत बसले, पर मागनं दार उघडून खाली जा म्हनणारी गाडी आजच बघितली."

सगळे हसले. दादा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातलं पोतं अंथरून ट्रॉलीखाली शिरलो. सोबत टेप, सुतळी आणि खिळा होता. तळाचा पत्रा ज्या आडव्या चॅनलवर बसतो ते चॅनल सात होते. त्यातल्या चारांना वेल्डिंग पूर्ण भरलेलं होतं. उरलेल्या तिघांना नुसते टाके. शिंपी कापड जोडायच्या आधी कच्चा दोरा घालतो ना, तसे. त्या टाक्यांवर वेल्डिंगची खपलीही झाडलेली नव्हती, तशाच अवस्थेत रंग फासला होता. खिळ्याने खरवडल्यावर रंगासकट खपली निघाली आणि खाली फट दिसली, तिच्यातून उजेड येत होता. दांडी जिथे चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, मिळते तिथे एका बाजूचं वेल्डिंग भरलं होतं, दुसऱ्या बाजूचं अर्ध्यावर सोडलेलं. मग दांडीच्या कड्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत सुतळी धरली. दोन्ही मापं सारखी यायला हवीत. सव्वा इंचाचा फरक आला. म्हणजे अ‍ॅक्सलच तिरका बसवला होता. रिकाम्या ट्रॉलीला ते चालून गेलं असतं. सात-आठ टन ऊस भरल्यावर टायर एका कडेने झिजले असते, आणि दांडीचं ते अर्धवट वेल्डिंग कुठल्यातरी चढावर सुटलं असतं.

मी बाहेर आलो. दादा बांधावर बसून सगळं बघत होता. मी त्याला एकेक गोष्ट सांगितली. 

"गावातल्या वेल्डरकडनं मारून घिऊ," तो म्हणाला.

"टाके भरून मिळतील. अ‍ॅक्सल त्याच्याकडं होणार नाही. तो कापून पुन्हा बसवायचा तर शेडमध्येच न्यायला पाहिजे."

"परत न्यायची न्हाय," दादा म्हणाला. "पूजा झालीया. सवाशिणीनं ववाळलंय. आता ती परत न्हेली तर गाव काय म्हणंल? आनि मुकादमाच्या कानावर गेलं म्हंजी?"

हे त्याचं म्हणणं पोकळ नव्हतं. आमच्या भागात पूजा झालेली गाडी परत करत नाहीत. केली तर ती अपशकुनी ठरते, आणि परत करणाऱ्यालाही लोक नावं ठेवतात. मालकाने नारळांचं पोतं फाटकातच का ठेवलं होतं, ते मला तिथे बांधावर उमगलं. नारळ फुटला की वस्तू गिऱ्हाइकाची झाली. नंतर उणं निघालं तर ते नशिबाचं.

वहिनी शेणाची पाटी घेऊन जात होती. ती थांबली. "मेंढरू घेताना दात बघत हुता, पाय बघत हुता, कासंला हात लावून बघत हुता. आनि ट्रॉली घेताना काय बघितलं? रंग."

"तू गप."

"व्हय, गप बसते. म्हातारी पडली असती म्हंजी बोलले असते."

दोन आठवडे घरात या विषयावर कुणी बोललं नाही. मी बारामतीला कामावर होतो, दिवाळीच्या आधीच्या रविवारी परत आलो. ट्रॉली जिथल्या तिथे उभी होती. माळेतली फुलं सुकली होती. दादाने ती चालवलीही नव्हती आणि नेलीही नव्हती. दिवाळी जवळ येत होती, म्हणजे टोळीही. जेवताना मी पुन्हा विषय काढला आणि दादाने पुन्हा तेच उत्तर दिलं.

वहिनी भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाली, "लगीन झाल्यावर माझी पहिली दिवाळी कुठं झाली?"

"माहेराला," दादा म्हणाला. "त्याचं काय?"

"मग मोडलं का तुमचं लगीन?"

दादाने तिच्याकडे पाहिलं.

"अक्षता पडल्या, मानसं जेवली, मी हितं आले. तरी बी पहिल्या दिवाळीला माहेरनं न्यायला मूळ आलं आनि मी गेले. कुणी म्हनलं का, पोरगी परत पाठवली म्हणून? ह्या ट्रॉलीची बी पहिली दिवाळीच हाय. पाठवा माहेराला. नीट हुईल आनि यील."

दादाने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "मालक न्हाय म्हनला तर?"

"कोन बाप न्हाय म्हनतो? मी येते की संगं."

सोमवारी मी रजा काढली. वहिनीने ट्रॉलीच्या दांडीला हळदीकुंकू लावलं आणि एक खण बांधला. वेशीत पारावर चारसहा जण बसले होते. एकाने विचारलंच, "तात्या, नवी गाडी सकाळच्या पारी कुठं?"

दादाने नजर रस्त्यावरच ठेवली. मागून ट्रॉलीत बसलेली वहिनी म्हणाली, "माहेरी निघालीया. दिवाळी हाय न्हवं?"

पारावरचे हसले. पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, आणि दादाचे खांदे जरा सैल झालेले मला मोटरसायकलवरून दिसले.

शेडच्या मालकाने आम्हाला पाहून कपाळाला आठी घातली. "ताब्यात घेतली तवा बघायचं हुतं तात्या. आता पूजा बी झाली."

मी वाद घातला नाही. सुतळी काढली, त्याच्या एका हाती टोक दिलं आणि दोन्ही बाजूंची मापं त्याच्यासमोर घेतली. मग खाली वाकून ती फट दाखवली. तो चवड्यांवर बसला आणि त्याने बोटाने फट चाचपली.

"दसऱ्याला अकरा ट्रॉल्या दिल्या सायेब," तो म्हणाला. आवाजातला गोडवा गेला होता. "रात्रीच्या पाळ्या केल्या. शेवटच्या चार-पाच ट्रॉल्यास्नी मानसांनी टाके मारले आनि रंग दिला. मागनं भरून घिऊ म्हनले. पर मागनं कोन येतंय? नारळ फुटल्यावर आजपातूर एक बी परत आली न्हाय. मी आठ दिवस मागितलं हुतं. कुणी दिलं?"

हे खरं होतं, आणि दादाला ते लागलं. 

वहिनी म्हणाली, "आमची आली की परत. माहेरी आल्याल्या पोरीला लुगडं-चोळी करून धाडत्यात. तुमी लुगडं ऱ्हाऊ द्या, तिची हाडं तेवढी जोडून द्या."

मालक दांडीला बांधलेल्या खणाकडे बघून हसला. "वैनी, तुमच्यापुढं काय बोलावं." तो उठला. "करून देतो. पर खरं सांगतो. माझी मानसं उद्या गावाला निघाली, लांबची हायेत. आज एकजण हाय, तेवढ्यात टाके भरून देतो. संध्याकाळी घेऊन जावा. अ‍ॅक्सलचं काम मानसं परत आल्यावर. दिवाळीनंतर आठ दिस तरी धरा."

आता दादापुढे दोनच वाटा होत्या. टाके भरून ट्रॉली आज नेली तर टोळी येईल तेव्हा ती फडात उभी असणार होती, तिरकी का होईना. ठेवली तर टोळी येऊन बसणार आणि दादा हात हलवत उभा राहणार. गेल्या वर्षीसारखंच. मला काय वाटतं ते मी त्याला आधीच सांगितलं होतं. पुन्हा सांगितलं नाही. शब्द त्याने दिलेला होता.

दादा ट्रॉलीभोवती फिरला. चाकाला टेकून उभा राहिला. "मुकादमाला काय सांगू?" त्याने विचारलं, कुणाला ते कळलं नाही.

"हाय ते सांगा," वहिनी म्हणाली.

त्याने ट्रॅक्टरची पिन उपसली आणि ट्रॉली तिथे सोडली. येताना वहिनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून आली.

दिवाळी झाली. मुकादम टोळी घेऊन आला, कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालायला जागा बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ट्रॉली कुठाय?"

"दुरुस्तीला," दादा म्हणाला.

"जुनी दुरुस्तीला जाती तात्या. नवी बी जाती व्हय?"

दादाने त्याला सगळं सांगितलं. टाके, अ‍ॅक्सल, सव्वा इंच, काही लपवलं नाही. मुकादम तंबाखू मळत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमचं खरं आसंल. पर माझी मानसं बसून खात्यात काय?" त्याने निम्म्याहून जास्त कोयते लासुर्ण्याच्या एका वाहतूकदाराला जोडून दिले आणि तीन-चार जोड्या दादाकडे ठेवल्या. "ट्रॉली भरून चालताना बघीन," तो म्हणाला, "मग बोलू."

पुढचे दिवस दादासाठी अवघड गेले. दुसऱ्यांच्या ट्रॉल्या रस्त्याने भरून जायच्या आणि हा ट्रॅक्टर पुसत बसायचा. मी रोज कामावरून सुटल्यावर शेडवर चक्कर मारायचो. माणसं सांगितल्यापेक्षा उशिरा परतली. पण काम सुरू झाल्यावर मालकाने ते नीट केलं, हे कबूल करायला हवं. अ‍ॅक्सल कापून काढला, चासी पालथी घातली, कोन धरून पुन्हा बसवला. दांडीखाली जास्तीची पट्टी टाकली. फाळक्याला हुकाऐवजी साखळी आणि आरपार पिन दिली. मी सुतळी धरली तेव्हा सव्वा इंचाचा फरक दोन सुतांवर आला होता. इंचाचे आठ सूत. हाताने केलेल्या कामात तेवढं चालतं. नवा रंग मात्र जुन्याशी जुळला नव्हता, ठिगळासारखा दिसत होता. दादाला त्याचं काही वाटलं नाही. ताब्यात घेण्याआधी तो स्वतः पाठीवर झोपून खाली शिरला आणि एकेका सांध्यावरून बोट फिरवत गेला, मेंढीच्या बरगड्या चाचपतो तसा.

पहिली खेप लासुर्ण्याजवळच्या एका फडातून होती. मी मुद्दाम दुसरी पाळी लावून घेतली आणि सकाळी तिथे गेलो. दादाकडे राहिलेल्या त्या तीन-चार जोड्यांनीच ऊस भरला, त्यामुळे वेळ लागला. ट्रॉली वरपर्यंत भरली, दोर आवळले. मुकादम एका बाजूला उभा होता. तो भरायला आला नाही, नुसता बघत होता.

फडातून रस्त्याला लागायला कालव्याच्या भरावाचा चढ होता. गेल्या वर्षी भाड्याची ट्रॉली याच जातीच्या एका चढावर बसली होती. दादाने पहिला गिअर टाकला. ट्रॅक्टरची पुढची चाकं जराशी उचलल्यासारखी झाली आणि टेकली. मी ट्रॉलीच्या मागून चालत होतो, नजर दांडीवर. ती कण्हली नाही. मुरुमात ट्रॉलीच्या चाकांचे ठसे ट्रॅक्टरच्या ठशांवर पडत गेले, एकावर एक. भरावावर चढून ट्रॅक्टर डांबरीला लागला आणि दादाने बाजूला घेऊन थांबवला.

मुकादम चढ चढून वर आला. त्याने ट्रॉलीला एक फेरी घातली, वाकून खाली पाहिलं, टायरच्या दोन्ही कडांना हात लावला.

"लासुर्णेवाल्याला मी या आठवड्याचा शब्द दिलाय," तो म्हणाला. "तेवढा पाळावा लागंल."

"पाळा," दादा म्हणाला.

"सोमवारपासनं सगळे कोयते हितं आनतो. फडात ट्रॉली किती वाजता लावाल?"

"तुमी म्हणाल तवा."

"मग पहाटंच लावा. मानसं रिकामी बसली की माझ्याच डोक्यावर बसत्यात."

दादाने मान हलवली आणि ट्रॅक्टर चालू केला. मुकादम खाली फडाकडे उतरला. माझी पाळी जवळ आली होती, म्हणून मी मोटरसायकल बारामतीच्या बाजूला वळवली.